फळ्यावरची होडी

माझं अक्षर चांगलं आहे. लहानपणापासून त्याचं कौतुक झालं, बक्षिसं मिळाली, लोकांनी लग्नाच्या पत्रिकांवरची नावं माझ्याकडून लिहून घेतली. आता त्याच अक्षराची मला भीती वाटते. खडू हातात घेतला की बोटं कापायला लागतात. आमचे हे म्हणतात, साखर तपासून घे. तपासली. साखर ठीक आहे.

लालबागच्या आमच्या चाळीत जिन्याच्या तोंडाशी एक काळा फळा आहे. पाणी कधी जाणार, कुणाकडे बारसं, कोण गेलं, दहावीला कोण पास झालं, हे सगळं त्याच्यावर लिहायचं आणि वर एक विचाराचं वाक्य. तीस वर्षं तो फळा मी लिहिते. पालिकेच्या शाळेत मराठी शिकवायचे म्हणून चाळीला मी ‘बाई’. माझ्यापेक्षा वयाने मोठी माणसंही बाईच म्हणतात. रिटायर झाले तेव्हा शाळेतला फळा सुटला, हा सुटला नाही. खरं सांगायचं तर मलाच सोडवत नव्हता. सकाळी कामाला निघालेली माणसं फळ्यासमोर थांबतात, वाचतात, मान हलवतात, आणि मी वरून गॅलरीतून ते बघते. ऐंशी बिऱ्हाडांचा दिवस आपल्या वाक्याने सुरू होतो ह्याची एक मस्ती असते. ती मला होती, नाही कशाला म्हणू.

फळ्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट कायमची आखलेली होती. तिच्यावर लिहिलेलं असायचं, ‘मामांची खुर्ची’.

मामा म्हणजे आमच्या मजल्यावर दोन खोल्या सोडून राहणाऱ्या मावशींचे धाकटे भाऊ. ते त्यांना आका म्हणायचे. मावशी परळच्या एका हॉस्पिटलात आया होत्या. चाळीतल्या अर्ध्या बायकांच्या बाळंतपणात त्या उशाशी उभ्या राहिल्यात, माझ्या दोन्ही खेपांना तर होत्याच. लग्न केलं नाही. चाळीने त्यांना मावशी म्हटलं, तर भाऊ आपोआप मामा झाले. मामा भाऊच्या धक्क्यावर लाँचवर खलाशी होते. आधी साखरेने डावा पाय गेला, मग किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. परळलाच, टॅक्सीने दहा मिनिटं. पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना लाकडी आणि सरळ उभा. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, ह्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, माणसं तुमची लावा.

मग चाळीने माणसं लावली. एका दणकट खुर्चीला मंडपाचे दोन बांबू बांधले. पुढे दोघं, मागे दोघं. सकाळी साडेसहाला चौघं मामांना खाली टॅक्सीपर्यंत न्यायचे, आणि दुपारी ज्यांची रात्रपाळी असेल त्यांच्यातले चौघं वर आणायचे. कुठल्या वाराला कुठल्या खोलीतला माणूस, ते मी त्या चौकटीत लिहायचे. सहा वर्षांत एक खेप चुकली नव्हती. गणपतीच्या दहा दिवसांतसुद्धा नाही, जेव्हा लालबागात मुंगीला वाट मिळत नाही. मामा खुर्चीत बसून ऑर्डरी सोडायचे. उजवीकडे घे रे, तुझी बाजू खाली गेली, काल जेवला नाहीस काय. पोरं हसायची. मला वाटायचं, माणसं चांगली आहेत आपली. ती होतीच चांगली, आणि पुढचं सगळं ह्याच माणसांनी केलं.

चाळ पाडून टॉवर उभा करायचं ठरलं. वर्षानुवर्षं नुसती बोलणी चालली होती, ह्या खेपेला खरंच कागद आले. बिल्डरचं म्हणणं, एकही खोली मागे राहता कामा नये, सगळ्यांच्या सह्या हव्यात. बांधकाम होईपर्यंत सगळ्यांनी मानखुर्दच्या पुढे तात्पुरत्या खोल्यांत राहायचं. एक एक करत सगळ्यांनी सह्या केल्या. मावशींनी केली नाही. खोली त्यांच्या नावावर. त्यांचं मागणं एवढंच, आमच्या दोघांची सोय परळच्या आसपास करतो असं लिहून द्या, कारण मानखुर्दाहून आठवड्यातून तीनदा मामांना कोण आणणार. कमिटी म्हणाली, असं कुणाला लिहून देत नाहीत, आपल्या माणसांवर विश्वास ठेवा. मावशी मालवणीत म्हणाल्या, “विश्वास आसा. पण लिवन दिया.”

माझी सही पहिल्या दहांत होती. मला घरात संडास हवा होता. माझे गुडघे गेलेत, आणि आमच्या मजल्यावरचे संडास गॅलरीच्या पार टोकाला. पहाटे बादली घेऊन रांगेत उभं राहायचं, तेसुद्धा ह्या वयात. मावशींच्या एका सहीपायी माझा संडास अडकलाय असं मला वाटायला लागलं. मावशींचं म्हणणं खरं होतं हे मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि पहाटे बादली घेऊन उभं राहणं वेगळं. मला राग आला होता आणि तो राग खरा होता.

कमिटीचा सेक्रेटरी माझा विद्यार्थी. आता चाळिशीचा आहे, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे, पण माझ्यासमोर अजून खुर्चीच्या टोकावर बसतो. एका रविवारी घरी आला. चहा घेतला आणि म्हणाला, “बाई, फळ्यावर जरा जोरदार काहीतरी लिहा ना. आमचं कोणी ऐकत नाही, तुमचं वाचतात.”

मला तेवढंच पुरलं.

तेव्हा पालिकेच्या निवडणुकीचे दिवस होते. आमच्या नाक्यावर रोज संध्याकाळी कुणाची तरी सभा. स्पीकर आमच्या खिडकीकडे तोंड करून. मी वर्गात वर्षानुवर्षं रूपक शिकवलंय, त्यामुळे मला ती भाषणं ऐकताना खोडच लागली होती, कोण कशाला काय म्हणतंय ते बघायची. एक म्हणायचा, हा रोग आहे. रोग म्हटलं की कापायलाच पाहिजे, त्यावर कोण चर्चा करणार. दुसरा म्हणायचा, ही घाण आहे. मग झाडू आलाच. तिसऱ्याचं रोज युद्ध. युद्धात कोणी, तुझं म्हणणं काय, असं विचारत बसत नाही. नाव ठेवलं की पुढचं काम लोक आपोआप करतात, त्यांना सांगावं लागत नाही. मी खिडकीत बसून आमच्या ह्यांना हे सगळं समजावून सांगायचे. हे म्हणायचे, तू रिटायर झालीस, मी तुझ्या वर्गात कधी होतो? मला वाटायचं, आपल्याला हे कळतं म्हणजे आपण ह्यातून सुटलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्या रात्री माझं वाक्य तयार झालं. आमची चाळ बहुतेक सगळी कोकणातली, त्यामुळे होडी सुचली. सोमवारी पहाटे खाली गेले आणि मोठ्या, ठसठशीत अक्षरात लिहिलं:

‘चाळ ही आपली होडी. एकाने होडीला भोक पाडले, तर सगळ्यांनी बुडायचे काय?’

अक्षर मोठं काढल्यामुळे जागा पुरेना. शेवटचे दोन शब्द खाली येऊन त्या चौकटीला भिडायला लागले. मी फडक्याने चौकट पुसली. तसंही कुठल्या वाराला कोण ते सगळ्यांना पाठ आहे, असं मनाशी म्हटलं. हात एकदाच फिरवला. वाक्य छान बसलं.

साडेसहाला चौघांनी मामांना खाली आणलं. मी तिथेच होते, खडूची धूळ झटकत. मामा म्हणाले, “थांबवा रे,” आणि खुर्चीतून वाक्य वाचलं. मग हसले. “बाई, होडयेक भोक पडला तर आदी पाणी उपसतत. मगे भोकात फडको कोंबतत. माणसाक भायर टाकूचा कोणाच्या मनात येना नाय. वल्हवूक हात कमी पडतत.”

सगळे हसले. मीही हसले. पण मनात म्हटलं, मामांना काय कळतंय, ही काय खरी होडी आहे? जन्मात मी कधी होडीला हात लावला नव्हता आणि हा माणूस चाळीस वर्षं पाण्यावर काढून आलेला, तरी होडीतलं कळायचं ते मला.

वाक्य चाललं. दुपारपर्यंत फळ्याचा फोटो चाळीच्या ग्रुपवर, संध्याकाळपर्यंत आजूबाजूच्या चाळींच्या ग्रुपवर. कमिटीने त्याचा बॅनर करून फाटकावर लावला. गुरुवारी मीटिंग झाली, तिथे कोणीतरी मागून ओरडलं, “भोक पाडणाऱ्याला उतरवा खाली.” टाळ्या पडल्या. मावशी मीटिंगला नव्हत्या, मामांना एकटं टाकून त्या कुठे जात नाहीत. टाळ्या मीही वाजवल्या, माझंच तर वाक्य होतं.

शनिवारी नाक्यावरच्या सभेत एका उमेदवाराने तेच वाक्य घेतलं. ‘चाळ’ काढून तिथे ‘शहर’ घातलं. हे शहर आपली होडी, आणि भोकं पाडणारे कोण ते तुम्हाला माहीत आहे. कोण ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, कारण लोकांनी माना वळवून कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे बघितलं. तो बाहेरगावचा, पंधरा वर्षं तिथे बसतो, मला पपई निवडून देतो. त्याने पाट्यांवर ताडपत्री ओढली आणि निघून गेला. मी खिडकीत होते. हे माझ्याकडे बघत होते. त्यांनी नेहमीसारखी थट्टा केली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

तोवर खुर्चीचं सुरू झालं होतं. बुधवारी चौथ्याची पाठ धरली. शुक्रवारी दोघंच आले, बाकीचे दोघं रस्त्यावरून बोलावले. पुढच्या सोमवारी कुणाची लवकरची पाळी लागली, कुणाचा मुलगा आजारी पडला. नाही असं कोणी म्हटलं नाही. चाळीत ‘नाही’ कोणी म्हणत नाही, येत नाही इतकंच. मावशी शेजारपाजारच्यांना गोळा करून कशीबशी खेप पार पाडत होत्या. मला दिसत होतं. मी मनात म्हणत होते, योगायोग असेल. असं म्हणायला काय लागतं.

मग तो दिवस. शेजारची एक बाई गॅलरीत बसून कोथिंबीर निवडत होती. चांगली बाई, मामांना पेज चालायची तेव्हा रोज वाटीभर पेज पाठवणारी. मी बाजूला बसले. ती म्हणाली, “बाई, आता फार दिवस नाही हो लागणार. मामांची तब्येत बघितलीत ना? सुंठीवाचून खोकला जाईल.”

आणि लगेच विचारलं, नव्या घरात ओटा ग्रॅनाइटचा देणार आहेत ना.

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. राग नाही, वाईटपणा नाही. कोथिंबिरीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. ती म्हण मी वर्गात शिकवली आहे, वाक्यात उपयोग करायला लावला आहे. मी हो म्हटलं. ग्रॅनाइटचाच देणार, असं म्हटलं आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी लेकीकडे ठाकूरद्वारला गेले. आधीच ठरलेलं होतं असं मी ह्यांना सांगितलं. ठरलेलं नव्हतं. मला तो जिना बघायचा नव्हता. तीन दिवस राहिले, नातवाचा अभ्यास घेतला, एकदाही घरी फोन करून मामांचं विचारलं नाही. मंगळवारी संध्याकाळी परत आले तर हे दारातच म्हणाले, “काल खुर्ची उतरली नाही.”

सोमवारी कोणी आलंच नव्हतं. मावशींनी मामांना सहा वाजता कपडे घालून खुर्चीत बसवलं आणि साडेआठपर्यंत दोघं दाराशी बसून राहिली. ह्यांनी जाऊन उचलायचं बघितलं, पण ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, आणि एकट्याने ती खुर्ची हलतसुद्धा नाही. दुपारी वर आणायला कोणी नसेल म्हणून मावशींनी शेवटी मामांना परत पलंगावर निजवलं.

मी जाऊन बघितलं. मामांचा चेहरा सुजलेला. डोळ्यांच्या नुसत्या फटी. उरलेला पाय फुगून चकाकत होता. तीन उशा लावून बसवलं होतं, आडवं केलं की धाप लागायची. मावशींनी इतकी वर्षं हॉस्पिटलात काढलेली, त्यांना सगळं कळत होतं. शांतपणे म्हणाल्या, डॉक्टर फोनवर बोलले, उद्याची चुकवू नका, चुकली तर पाणी छातीत भरेल. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

मी निघाले. संध्याकाळी सात ते साडेनऊ, तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत, जे जे खुर्ची उचलायचे त्या प्रत्येकाचं दार वाजवलं. कोणी वाकडं बोललं नाही. सगळ्यांनी आत या म्हटलं, पाणी दिलं. पहिला म्हणाला, “बाई, तुम्हीच तर चौकट पुसलीत. आम्हाला वाटलं, कमिटीत ठरलंय.” मी म्हटलं, अरे जागा पुरली नाही म्हणून पुसली. तो हसला. बाई उगाच कशाला पुसतील, असा त्याचा चेहरा. दुसरा म्हणाला, मी येईन हो, पण उद्या कोणी फोटो काढून ग्रुपवर टाकला तर माझ्या आईला ह्याच चाळीत राहायचंय. तिसरा म्हणाला, सगळे बुडतील त्यापेक्षा एक, असं नाही म्हणत मी, पण. त्या ‘पण’नंतर त्याने बायकोला चहा टाकायला सांगितलं. जिथे जावं तिथे माझीच होडी. माझेच शब्द आदराने परत येत होते. कुणाशी भांडू? मी भांडखोर बाई आहे, पालिकेच्या साहेबांना घाम फोडलाय मी. पण समोरचा आपलंच वाक्य आपल्याला ऐकवतो तेव्हा तोंड उघडत नाही.

सेक्रेटरीकडे शेवटी गेले. तो म्हणाला, “बाई, कमिटीने कुणाला अडवलंय का? लोकांची भावना आहे.”

मी म्हटलं, “माणूस मरेल.”

तो खरंच कळवळला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “मलाही वाईट वाटतं. पण बाई, सही त्यांच्याच हातात आहे ना?”

त्याचं दार बंद झाल्यावर मी जिन्यात बसले. खाली फळ्यावर माझं वाक्य तसंच होतं. पंधरा दिवस कोणी पुसलं नव्हतं, इतकं आवडलं होतं. मी ते दोन्ही हातांनी पुसलं, फडकं शोधत बसले नाही. चौकट परत आखली, बुधवारच्या चार खोल्या लिहिल्या. खोल्यांचे आकडे वेडेवाकडे आले. मग घरी जाऊन बसून राहिले. हे म्हणाले, झोप आता. कुठली झोप.

सकाळी साडेसहाला कोणी आलं नाही. पावणेसातला खालचा टॅक्सीवाला वर आला. नेहमी मामांना नेणारा तोच. गाडी लावून किती वेळ उभा राहू, म्हणाला, आणि गॅलरीत त्याला आम्ही तिघंच दिसलो. मग त्याने बाह्या वर केल्या. खालच्या बाजूला तो आणि आमचे हे. वरच्या बाजूला मावशी आणि मी. हर्नियावाला नवरा, सत्तरीच्या मावशी आणि गुडघे गेलेली मी. आजूबाजूची दारं अर्धी उघडी होती. आत माणसं उभी होती, दिसत होती. मनातल्या मनात मी म्हणत होते, आपल्या हातून सुटणार, हा माणूस आज माझ्या हातून जिन्यावरून जाणार.

पहिल्या पायरीला खुर्ची कलली आणि मामांनी कठडा धरला. दोन्ही हातांनी. आम्ही म्हटलं, मामा, सोडा. सोडेनात. त्यांनी मान वळवून मागे बघितलं. मावशींकडे नाही, माझ्याकडे.

“बाई, खय नेतात माका?”

“डायलिसिसला, मामा. उशीर झालाय.”

“खोटा.” त्यांचा श्वास पुरत नव्हता. “माका खाली टाकतलात. सही करतंय मी. आकाक सांगतंय सही करूक. पण माका टाकू नको, बाई.”

आयुष्यात त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. शेवटी ‘टाकू नको’ म्हणाले, आईला म्हणावं तसं.

जिन्यावर खुर्ची लटकलेली. हे खालून ओरडले, हात सुटतोय. मग मी एका हाताने बांबू छातीशी दाबला आणि दुसऱ्या हाताने मामांची बोटं कठड्यावरून सोडवली. एक एक करून. फुगलेली, गार बोटं. वर्गातल्या आवाजात म्हटलं, “सोडा.” त्या आवाजाला त्यांनी सोडली. डोळे मिटून घेतले. पुढच्या पायऱ्या कशा उतरलो मला आठवत नाही.

हॉस्पिटलात वेळेवर घेतलं. डॉक्टर आम्हाला ओरडले, मग म्हणाले, वाचले. मी विचारलं, मामा जिन्यावर काहीतरी बोलत होते. म्हणाले, रक्तातलं विष डोक्यात चढलं की पेशंट बरळतो, मनावर घेऊ नका. डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे तसंच असणार. तसंच धरून चालायचं मी ठरवलंय. पण बरळायला त्यांना चाळीतली दुसरी माणसं होती, त्यांनी माझ्याकडे बघितलं.

बाहेर बाकावर मावशी म्हणाल्या, “बाई, कागद हाडा. सही करतंय.”

मी म्हटलं, करू नका. मी कमिटीशी भांडते, तुमच्या सोयीचं लिहून घेते, तोवर करू नका. हात जोडले मी त्यांना. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“लिवन घेवन काय करतलंय?” म्हणाल्या. “लिवलेला काय करता ता बघलंय मी.”

संध्याकाळी सही झाली. ग्रुपवर पन्नास हात जोडलेले आले, कोणीतरी पेढे वाटले, आमच्याही घरी दोन आले. शुक्रवारी सकाळी जिन्यात धडधड पावलं वाजली आणि आठ माणसं वर आली, चार लागतात तिथे आठ. तीच माणसं. पाठ धरलेला, पाळी लागलेला, आईला चाळीत राहायचंय म्हणणारा. कोणी ओशाळं नव्हतं. काय मामा, वजन वाढलं वाटतं, म्हणत त्यांनी खुर्ची फुलासारखी उचलली. मला ह्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. त्यांच्या मनात मामांबद्दल वाईट असं काही आलंच नव्हतं, त्यामुळे जायलाही काही नव्हतं. वाक्य आलं तेव्हा ती बाजूला झाली. वाक्याचं काम झालं तेव्हा परत आली.

बिल्डर अजून फिरकलेला नाही, कागद कुठल्याशा टेबलावर आहेत. होडीचं वाक्य मात्र अजून फिरतं. परवा भायखळ्याला भाजी घेताना एका रिकाम्या भिंतीवर वाचलं, कुणी वेगळ्याच माणसांसाठी रंगवलं होतं. माझं नाव त्याखाली नाही. मी घाईघाईने पुढे गेले.

मामा आता बरे आहेत. सूज उतरली, ऑर्डरी परत सुरू झाल्या. मला बरं वाटलं, म्हणून एका सोमवारी मी गॅलरीत येऊन उभी राहिले. मामा चौघांना काहीतरी सांगून हसवत होते. मी दिसले आणि ते बोलायचे थांबले. हसू तोंडावर तसंच होतं, पण त्यांचा हात खुर्चीवरून उठला आणि हळूच कठड्याकडे गेला.

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार मी साडेसहाला दार आतून लावून घेते आणि खुर्ची खाली पोचेपर्यंत बाहेर येत नाही.